पेटीखालची जागा

"हैबती, वरनं हे काय गळतंय रं?" सोजराबाईने लसणाची गड्डी त्याच्यापुढे धरली. पांढऱ्या सालीवर दोन तांबडे थेंब वाळून बसले होते. "गिऱ्हाईक इचारतंय, म्हातारे, लसूण इकतीस का कोंबडी कापतीस?"

हैबतीने मान वर केली. सावळारामशेटच्या दुमजली दुकानाच्या बाजूला हा बोळ होता. वर आढ्यापाशी लोखंडी चाक, चाकावरून खाली आलेला तारेचा दोर, आणि दोराला टांगलेली, दगडांनी भरलेली पत्र्याची पेटी. पेटी सोजराबाईच्या डोक्यावर दोन पुरुष उंचीवर होती आणि डोळ्यांना कळणार नाही इतकी हळू खाली येत होती.

"पानी हाय, आत्ये," तो म्हणाला. "सकाळी दोराला घातलं हुतं, त्ये निथळतंय."

"मग तांबडं का?"

"लोकंडाचा रंग उतरला आसंल."

म्हातारीचं समाधान झालं. तिने गड्डी पदराला पुसून पुन्हा ढिगावर ठेवली. हैबतीचं समाधान मात्र झालं नाही, कारण ते थेंब गेल्या दोन बाजारांपासून पडत होते आणि त्याने ते पाहिले होते.

त्या काळी भोरच्या बाजारात सावळारामशेटच्या चित्रांइतकं नावाजलेलं दुसरं काही नव्हतं. दुकानाच्या दर्शनी भिंतीवर, माडीच्या उंचीला, दोन टोकांना दोन उभ्या लाकडी लाटा, म्हणजे फिरते जाड रूळ, बसवल्या होत्या. चाळीस हात लांबीचं रंगवलेलं कापड एका लाटेवरून सुटायचं आणि दुसरीवर गुंडाळलं जायचं. आधी वाफाळती कपबशी यायची, मग साबणाची वडी, मग केसांच्या तेलाची बाटली, आणि शेवटी दंतमंजनाची डबी धरून हसणारी बाई. हा सगळा खेळ त्या पेटीच्या वजनावर चालायचा. हैबती माडीवर दांडा फिरवून पेटी वर ओढून घ्यायचा, दातेरी चाकाची खिट्टी काढायचा, की पेटी उतरू लागायची आणि चित्रं चालायला लागायची. पेटी दाराच्या चौकटीच्या वर येऊन थांबली की पुन्हा दांडा. बाजारच्या दिवशी असं चार वेळा. वेल्ह्याकडची माणसं आधी चित्रं बघायची आणि मग मीठमिरचीकडे वळायची. पासलीचा एक म्हातारा तर दंतमंजनाच्या बाईला हात जोडून गेला होता.

हैबती मूळचा कामथडीचा. वीस वर्षं त्याने तिथल्या एका बागाईतदाराच्या विहिरीवर मोट हाकली. मग बागाईतदाराने तेलाचं इंजिन आणलं, बैल विकले, आणि बैलाच्या पायाखाली सापडून एक पाय अधू झालेल्या हैबतीला 'आता तुझं तू बघ बाबा' असं सांगितलं. दोराचं जाणणारा माणूस म्हणून सावळारामशेटने त्याला ठेवून घेतलं. इथे त्याला लोक मिस्त्री म्हणू लागले. पंचेचाळीस वर्षं नुसता हैबती, आणि आता हैबती मिस्त्री! बायको भागूबाई पाणवठ्यावर ते मुद्दाम दोनदोनदा ऐकवायची.

मोटेच्या नाड्याचा एक नेम असतो. मोट ओढणारा तो जाड दोर कोरडा पडला की ताठरतो, चाकावर घासतो आणि ऐन भरल्या मोटेला तुटतो. म्हणून सकाळी बैल जुंपायच्या आधी नाड्याला पाणी पाजायचं. हैबतीच्या बापाने पाजलं, हैबतीने पाजलं. वर्षापूर्वी शेटने काथ्याचा दोर काढून पुण्याहून तारेचा आणला, तेव्हा बसवणाऱ्याने दातेरी चाकांना तेल घालायला सांगितलं. दोराबद्दल तो काही बोलला नाही आणि हैबतीनेही विचारलं नाही. दोराबद्दल हैबतीला शिकवणारा अजून जन्माला यायचा होता! तेव्हापासून रोज सकाळी तो तांब्याभर पाणी त्या दोरावर पुरवून पुरवून ओतत आला होता.

दुसऱ्या दिवशी तो पिठाच्या गिरणीवर गेला. तिथलं इंजिन चालवणारा ज्ञानू यंत्रांतला जाणता होता. हैबतीने आडूनच विचारलं.

"ज्ञानू, तारंच्या दोराला पानी किती घालायचं आसतं रं?"

"लोकंडाला पानी?" ज्ञानू हसला. "कोन घालतंय?"

"हाय एक सारोळ्याचा. मला इचारत हुता."

"त्याला म्हनावं, तारंच्या दोराच्या पोटात सुतळी आसती. पानी तिथं जाऊन बसतं. दोर आतनं गंजत जातो आन् वरनं नवा दिसतो. तुटतो तवा सांगून तुटत न्हाई."

"मग आता त्यानं करायचं काय?"

"दोर काढायचा आन् फेकून द्यायचा. दुसरं काय करनार?"

हैबती तिथून निघाला तो थेट माडीवर गेला. दोरावरून हात फिरवताना एके ठिकाणी तुटलेली तार बोटात घुसली. त्याने बोट तोंडात धरलं आणि तो तसाच बसून राहिला. शेटला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? पुण्याहून आणलेला दोर मी माझ्या हाताने कुजवला, हे? शेट त्याच दिवशी दुसरा माणूस बघेल. मग अधू पाय घेऊन कुठल्या विहिरीवर जायचं? त्याने गाडीच्या वंगणाचा डबा आणला आणि दोराला वरपासून खालपर्यंत वंगण फासलं. तुटलेली तार दिसेनाशी झाली, तांबडं गळायचं थांबलं, दोर काळाभोर आणि नव्याहून नवा दिसू लागला. हे आपण भिऊन केलं हे त्याला करतानाही कळत होतं.

पण झाकलं म्हणून काही भीती गेली नाही. एरवी त्या बोळात कुत्रं फिरकत नसे, पण बाजारच्या दिवशी सावलीसाठी माणसं तिथे दाटीवाटीने बसत, आणि बरोबर पेटीखाली सोजराबाई. बाजारात ज्याची त्याची जागा ठरलेली असते. ती कुणी सोडत नाही आणि सुटली तर रिकामी राहत नाही. पुढच्या बाजारी हैबतीने पहाटेच बोळात दोन घागरी पाणी ओतून चिखल केला. सोजराबाईने त्यावर पोतं टाकलं आणि ती बसली. त्याच्या पुढच्या बाजारी त्याने पाटीभर शेण आणून टाकलं. ते तिने गोवऱ्यांसाठी गोळा केलं आणि टाकणाऱ्याचं भलं चिंतलं. शेवटी तो सरळच बोलला.

"आत्ये, तू तिकडं पिपळाखाली बस जा."

"का रं? माझी सासू हितंच बसायची."

"वर पेटी हाय."

"ती काय आज आलीया? दोन वरसं झाली." म्हातारी लसूण निवडत होती, तिने मान वर केली नाही. "आन् वर तू हाईस न्हवं? मग मला कसलं भ्या?"

हैबती माडीवर गेला, त्याने दांडा फिरवला, आणि खिट्टी काढताना त्याने डोळे मिटून घेतले.

चौथ्या बाजारी केसांच्या तेलाच्या कंपनीचे साहेब पुण्याहून आले. त्यांना आपल्या बाटलीचं चित्र दुप्पट मोठं हवं होतं. कापड रुंद होणार, म्हणजे ओढायला वजन जास्त लागणार. शेट त्यांना माडीवर घेऊन आला. साहेबांनी दोरावरून बोट फिरवलं आणि काळं झालेलं बोट शेटला दाखवलं.

"वंगण अगदी जागच्या जागी आहे. माणूस कामाचा दिसतो तुमचा."

"आमचा हैबती मिस्त्री," शेट खूश होऊन म्हणाला.

"मग आणखी दोन पाट्या दगड घाला. आजच बघू कसं चालतं ते."

शेटच्या भाच्याने खाली जाऊन शिडी लावून पेटीत दगड भरले. हैबतीने दांडा फिरवला. पेटी वर आली ती नेहमीपेक्षा जड आली, आणि दोर चाकावर एकदा करकरला. हैबतीने खिट्टी अडकवली. तो दांड्यापासून बाजूला झाला.

"शेट, ही सोडू नगा. दोर कुजलाय."

"काय?"

"म्या कुजवला. वरीसभर रोज पानी घातलं. आतनं ग्येलाय त्यो."

साहेब हसले. "लोखंड कुजतं होय?"

शेट हसला नाही. परक्या माणसासमोर नोकराने असं बोलावं याने त्याचे कान तापले होते. "कुजलाय, तर हे वंगण कुणी लावलं?"

"म्याच लावलं. झाकाया."

"म्हणजे कुजवला तूच, झाकला तूच, आणि साहेब आले नेमक्या त्याच दिवशी तुला वाचा फुटली. कुणी फितवलं रे तुला?"

"कुनी न्हाई, शेट. पाया पडतो तुमच्या. खाली मानसं बसल्यात."

"असं? मग मीच जाऊन बसतो खाली."

आणि तो खरोखरच जिना उतरला. सोजराबाईला त्याने बाजूला व्हायला सांगितलं, तिच्या पोत्यावर मांडी घातली आणि टोपी सारखी केली. शेट लसूण विकायला बसला म्हणून लोक जमले, हसू लागले. शेटही हसला. त्याने खालून हाक दिली, "सोड खिट्टी!"

हैबती हलला नाही. साहेबांनी पुढे होऊन खिट्टी स्वतःच उपसली.

हैबतीने दोर दोन्ही हातांनी पकडला. ते वजन त्याच्याने पेलणार नव्हतं, हे वीस वर्षं मोट हाकलेल्या माणसाला सांगायला नको होतं. तरी त्याने पकडला. दोर वंगणाने बुळबुळीत झाला होता. तो मुठीतून सरकत राहिला आणि वंगणाखाली लपलेल्या तारा त्याचे तळवे कापत गेल्या. चाक पुन्हा करकरलं. मग चालू लागलं. पुढच्या भिंतीवर कपबशी आली, लोकांनी टाळ्या पिटल्या. पेटी हातभर उतरेपर्यंत शेट बसून राहिला, मग उठला आणि त्याने धोतर झटकलं. सोजराबाई हसत हसत पुन्हा आपल्या पोत्यावर बसली.

शेट वर आला तेव्हा शांत होता. "हैबती, माडीची किल्ली ठेव आणि जा. उद्यापासून माझा भाचा बघेल."

ज्ञानूला हे कळलं तेव्हा तो इंजिन बंद करून दोराचं सांगायला शेटकडे गेला. "तू तुझी गिरणी बघ," एवढंच ऐकून तो परत आला. दोर वर होता तिथेच राहिला, आणि पेटीतले वाढवलेले दगडही.

पुढच्या बाजारी सोजराबाई पाटी घेऊन आली, तर पेटीखाली हैबती घोंगडी पसरून बसलेला. दोन्ही तळव्यांना फडकी बांधलेली.

"ऊठ रं, माझी जागा हाय ती."

"आज न्हाई द्येत, आत्ये."

"काय इकतोस तू?"

"काय न्हाई."

"मग कशाला आडवून बसलास? सासूच्या टायमापासनची जागा ही." ती तोंडाला येईल ते बोलली, त्याच्या सात पिढ्यांचा तिने उद्धार केला. हैबतीने सगळं ऐकून घेतलं. शेवटी तिचं लक्ष त्याच्या फडक्यांकडे गेलं. पाटी उचलून ती पिंपळाखाली गेली. मिस्त्रीपण गेलं आणि मागोमाग डोकंही गेलं, असं बाजारात बोललं जाऊ लागलं. कुणी मुद्दाम येऊन त्याला भाव विचारून जाई. त्याने घोंगडी चांगली चार हात पसरली होती आणि तिच्यावर तो कुणाला पाय टेकू देत नव्हता.

दुपारी भागूबाई भाकरी घेऊन आली. बोळाच्या तोंडाशी ती घुटमळली. पदर तिने कपाळावर ओढून घेतला होता.

"अवो, घरला चला. लोक हसत्यात."

"हसू द्येत. जागा मोकळी दिसली की कुनीतरी येऊन बसतंय."

"किती बाजार बसनार असं?"

"बगू."

माडीवर शेटचा भाचा दांडा फिरवत होता आणि पेटी भिंतीला घासत वर चालली होती. मग भागूबाई पुढे आली, भाकरीचं फडकं तिने त्याच्या हातात दिलं.

"सकाळधरनं एकाच जागी हाय तुमी. पाय आखडला आसंल. तिकडं जाऊन निवांत जेवा जावा. तवर मी बसते हितं."

ती घोंगडीवर टेकायला वाकली.

"न्हाई," हैबती म्हणाला. ते इतक्या जोरात निघालं की शेजारचा मिठवाला वळून बघू लागला. हैबतीने आवाज खाली आणला. "तू न्हाई. तू तिकडं जा. उनात जाऊन बस."

भागूबाई वाकली होती तशीच थांबली. तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. आतापर्यंत तिलाही वाटत होतं की लोक म्हणतात त्यात काहीतरी असेल. तिने एकदा वर दोराकडे पाहिलं, मग सरळ झाली आणि मागे सरत सरत बोळाबाहेर गेली. तिथे उन्हात, रस्त्याच्या कडेला, ती दोन्ही हात मांडीत घेऊन बसली.

माडीवर खिट्टी निघाल्याचा आवाज झाला. हैबतीने भाकरीचं फडकं सोडलं, दुखऱ्या हाताने भाकरी मोडली, आणि वर न बघता तो जेवू लागला.