सोफ्यासकट पात्र

पाहुणे येणार म्हटले की आपल्या घरात काय धांदल उडते ते तुम्हा-आम्हाला चांगले ठाऊक आहे. विरलेली चादर कपाटात कोंबली जाते, ठेवणीतले कप बाहेर निघतात, भिंतीवरच्या डागासमोर कॅलेंडर टांगले जाते. पाहुणा जिना चढून वर येईपर्यंत घर असे काही सजते, की आपण रोज असेच राहतो की काय, असे आपल्यालाच वाटू लागते. यात गैर काही नाही. चारचौघांत आपले बरे दिसावे असे कोणाला वाटत नाही?

आता हीच धांदल उलटी करून पाहा. नगरपालिकेने गरजूंसाठी कमी भाड्याची घरे बांधली आहेत, त्यांतलीच ही एक तीन मजली इमारत. इथे तपासणीचा दिवस आला की ठेवणीतले कप लपतात आणि विरलेली चादर बाहेर येते. धुतलेले पडदे उतरवले जातात. कॅलेंडर काढून डाग उघडा केला जातो. पोरींच्या केसांतल्या रिबिनी सोडवल्या जातात. इतर घरे आवरली जातात, तशी या घरांत गरिबी मांडली जाते! कारण घर गरजूला मिळते, आणि गरजू माणूस कसा दिसतो हे गरजू माणूस सोडून बाकी सगळ्यांना पक्के माहीत असते.

त्या दिवशीची तपासणी नेहमीची नव्हती. समोरच्या नव्या इमारतीच्या सेक्रेटरींनी नगरपालिकेत तक्रार केली होती. सेक्रेटरी निवृत्त झाल्यापासून गॅलरीत बसून देशाची काळजी करत. एका सकाळी त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले, की समोर दोन हमाल एक लालभडक सोफा जिन्याने वर नेत आहेत. त्यांचा चहा तिथेच थंड झाला. ‘आम्ही कर भरायचा आणि यांनी सोफ्यावर लोळायचं!’ असे त्यांनी बायकोला सांगितले, मग लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगितले, आणि शेवटी नगरपालिकेला कळवले.

सोफा होता दुसऱ्या मजल्यावरच्या आयाबाईंचा. इस्पितळात आयाचे काम करणारी ही बाई, नवरा अपघातात गेलेला, पदरात दोन मुली. इथे घर मिळायच्या आधी त्या तिघी एका गॅरेजमागच्या खोलीत राहत होत्या. त्या खोलीच्या दाराला आतून कडी लागत नसे. दोन मुलींच्या आईला कडी न लागणाऱ्या दाराआड झोप कशी लागत असेल, हे ज्याचे त्याने ठरवावे. तपासणीत सोफा सापडला तर घर काढून घेऊ, असे वरून ठरलेले होते. घर गेले की पुन्हा तसलीच खोली.

तपासणीला आल्या तपासनीस मॅडम. वाईट बाई नव्हत्या हो. वेळेवर येणाऱ्या, लाचेच्या पाकिटाला हात न लावणाऱ्या, कामात चोख. फक्त फुकट्या लोकांची त्यांना मनापासून चीड होती, आणि फुकटे कोण हे त्यांनी दारातूनच ओळखायचे ठरवलेले होते.

पहिल्या मजल्यावर एका शिंप्याच्या घरात त्या शिरल्या. उघडी भिंत, फाटकी सतरंजी, मधोमध एक मोडकी खुर्ची. तिचा एक पाय निळ्या दोरीने बांधलेला. मॅडमनी मान हलवली. ठीक आहे, गरजू आहेत. पुढच्या घरात पाणी प्यायल्या, चार प्रश्न विचारले आणि दुसऱ्या मजल्यावर गेल्या. तिथल्या पहिल्याच घरात तीच सतरंजी. तिच्यावर मोडकी खुर्ची. पायाला निळी दोरी.

मॅडम थांबल्या, वाकून दोरी नीट पाहिली आणि बाहेर पडल्या. पुढचे दार आयाबाईंचे. दार उघडायला जरा वेळ लागला. आत मागच्या गॅलरीकडून काहीतरी सरकल्याचा, कोणीतरी कोणाला दबक्या आवाजात रागावल्याचा आवाज आला. मग आयाबाई दारात आल्या. धाप लागलेली, कपाळावर घाम. मागे खोलीच्या मधोमध तीच खुर्ची, आणि बिचारी अजून डुगडुगत होती!

“ही खुर्ची तुमची?” मॅडमनी विचारले.

“हो मॅडम. जुनी आहे.”

“जुनी असेलच. माझ्याआधी दोन घरं फिरून आली आहे.”

आयाबाईंचा चेहरा पांढरा पडला. मॅडम सरळ मागच्या गॅलरीत गेल्या. ती गॅलरी सगळ्या घरांना जोडणारी होती, आणि तिच्या टोकाला मास्तरीणबाईंचे दार सताड उघडे होते. मास्तरीणबाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. नवऱ्याच्या आजारपणात राहते घर विकावे लागले आणि उतारवयात त्या इथे आल्या. त्यांची तपासणी मागच्याच महिन्यात उरकली होती, म्हणून मजल्यावरच्या चांगल्या वस्तू तपासणीच्या दिवशी त्यांच्याकडे मुक्कामाला येत. मॅडमनी आत डोकावून पाहिले आणि त्यांना हसावे की ओरडावे कळेना. फ्रिजला फ्रिज टेकलेला, त्यावर टीव्ही, टीव्हीवर माशांची काचपेटी आणि पेटीत गोंधळून गेलेले मासे. एक गिटार. दोन सायकली. आणि या सगळ्याच्या पलीकडे भिंतीला उभा लावलेला लाल सोफा. सोफ्याला पाठ लावून मास्तरीणबाई पेपर वाचत उभ्या होत्या, कारण बसायला जागाच उरली नव्हती.

“फसवणूक!” मॅडम कडाडल्या. “सरकारची उघडउघड फसवणूक! आणि तुम्ही शिक्षिका असून यात सामील?”

“सामील कसली, मीच म्होरक्या आहे,” मास्तरीणबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या. “खुर्चीची कल्पना माझी. पण पोरांनी घाई केली. दोन घरं सोडून तिसऱ्यात न्यायची असं बजावलं होतं.”

“तुम्हाला हे हसण्यावारी नेण्यासारखं वाटतं?”

“नाही हो बाई. रडू येतं, म्हणून हसते.” त्यांनी पेपरची घडी घातली. “मला एक सांगा. घर गरजूंना द्यायचं असं तुमचा नियम सांगतो. दीनवाण्यांना द्यायचं असं कुठे लिहिलंय?”

“ज्याला सोफा परवडतो तो गरजू कसा?”

“सोफा एकदा घ्यायचा असतो, भाडं दर महिन्याला भरायचं असतं. हिला बाजारभावानं भाडं परवडत नाही, म्हणून ती गरजू. वर्षानुवर्षं जोडलेल्या पैशांतून एक सोफा घेतला तर तिचा पगार वाढला का?”

“पण सोफा हवाच कशाला? त्याच्याशिवाय काय अडलं होतं?”

इतका वेळ खाली मान घालून उभ्या असलेल्या आयाबाई तेव्हा बोलल्या. आवाज कापत होता, पण बोलल्या.

“काही अडलं नव्हतं, मॅडम. दुकानाच्या काचेत दिसायचा येता-जाता. आवडला म्हणून घेतला.”

आता इथे, वाचकहो, आपण सगळेच अडखळतो. पाठदुखीसाठी घेतला असता तर आपण माफ केले असते. कोणी दान दिला असता तर डोळ्यांत पाणी आले असते. पण आवडला म्हणून? गरिबाला काही आवडते, हाच आपल्याला उद्धटपणा वाटतो!

मॅडमनाही तो वाटला. “आमच्या कराच्या पैशांवर ही चैन?” त्या म्हणाल्या.

“तुम्ही राहता कुठे?” मास्तरीणबाईंनी मध्येच विचारले.

“ऑफिसच्या क्वार्टरमध्ये. का?”

“भाडं बाजारभावानं?”

“अर्थातच नाही. पण तो माझ्या नोकरीतला हक्क आहे!”

“आहेच. कोण नाही म्हणतंय? क्वार्टरमध्ये सोफा आहे?”

मॅडम हातातल्या कागदांत काहीतरी शोधू लागल्या.

“तो बघायला कोण येतं? तुमच्या पलंगाखाली कोण वाकतं? आणि समोरच्या इमारतीला जमीन सवलतीत मिळाली, सेक्रेटरींना घरकर्जावर करात सूट मिळाली, त्यांच्या गॅलरीतल्या झोपाळ्याची चौकशी कोणी केली? तुम्हाला मिळतो तो हक्क, त्यांना मिळते ती सूट, आणि हिला मिळालं की लगेच खैरात! ही रोज इस्पितळात लोकांची अंगं पुसते, बाई. तुमची-माझीही एखाद्या दिवशी पुसेल. ती काय फुकट खाते?”

“सगळे काही हिच्यासारखे नसतात,” मॅडमनी शेवटचा मुद्दा काढला. “घर घेऊन दुसऱ्याला भाड्यानं देणारे लबाड आहेत. मी स्वतः पकडलेत.”

“शाब्बास, पकडायलाच हवेत. मी दाखवून देते एखादा. पण त्यांच्या घरात सोफा नसतोच, कारण ते तिथे राहतच नाहीत. तुमची तपासणी होते कोणाची? जे खरंच राहतात, त्यांची.”

तेवढ्यात आयाबाईंची धाकटी मुलगी गॅलरीतून धावत आली. केस पिंजारलेले, अंगात मुद्दाम घातलेला उसवलेला फ्रॉक. मॅडमना पाहताच ती ताठ उभी राहिली आणि पाढे म्हणावेत तसे म्हणू लागली, “आमच्याकडे काही नाही. आम्ही खाली झोपतो. काल संध्याकाळी आम्ही जेवलो नाही.” एवढे म्हणून तिने आईकडे पाहिले. “आई, बरोबर म्हटलं ना गं? घर नाही ना जाणार आता?”

आयाबाईंनी पदर तोंडाशी नेला.

मॅडमनी पोरीकडे नीट पाहिले. काल संध्याकाळी हे पोर व्यवस्थित जेवले होते, हे त्याच्या गालांवरूनच दिसत होते. आणि आपण जेवलो ही गोष्ट लपवायला त्याला शिकवावे लागले होते. कोणी शिकवले? आईने? छे! आपण शिकवले! सतरंज्या उचलून बघणाऱ्यांनी, भांडी मोजणाऱ्यांनी, गॅलरीत बसून सोफे मोजणाऱ्यांनी! खोटेपणा शोधायला आलेल्या मॅडमना पहिल्यांदा कळले, की हा खोटेपणा आपणच दारोदार पेरत आलो आहोत. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि खरे सांगायचे तर रागही आला.

त्या तशाच ऑफिसात गेल्या. साहेब वाटच बघत होते.

“सापडला सोफा?”

“सापडला.”

“मग काढा घर. वर उत्तर द्यायचंय मला. लोकांच्या करातून चाललंय हे सगळं.”

“साहेब, ती बाईसुद्धा कर भरते. साबणाची वडी घेतली तरी भरते. घर गरजेवर दिलंय आणि तिची गरज संपलेली नाही. सोफा असू नये असा नियम मला दाखवा, मी आत्ता घर काढते.”

“नियम काय दाखवायचा? साधी अक्कल आहे ती!”

“तर मग साध्या अकलेनं सगळ्यांचीच तपासणी करू,” मॅडम म्हणाल्या. “कमी भाड्यात मीही राहते, तुम्हीही राहता. आधी तुमचा बंगला बघू, मग माझं क्वार्टर. माझ्याकडे सोफा आहे, साहेब. तुमच्याकडे दोन आहेत.”

साहेब हसले. मग मॅडम हसत नाहीत हे पाहून थांबले. “जे काही म्हणायचं ते लेखी द्या,” ते गुरगुरले.

मॅडमनी लेखी दिले. ‘घरात लाल सोफा आहे. सोफा सुंदर आहे. भाडेकरू पात्र आहे.’ साहेबांनी तो कागद बरेच दिवस दाबून ठेवला. वरच्यांना विचारले, नियमांची पुस्तके चाळली, सोफ्याचे नाव कुठेच मिळेना. शेवटी तोंड वाकडे करून सही केली. सहीसाठी तोंड सरळ असावे लागत नाही.

घर राहिले हे सांगायला मॅडम स्वतः गेल्या. दार उघडले तर सोफा आपल्या जागी आला होता आणि धाकटी त्यावर उड्या मारत होती. आयाबाईंनी सगळे ऐकून घेतले, दाराच्या चौकटीला हात टेकला, क्षणभर डोळे मिटले. मॅडम वाट पाहत होत्या. कशाची, ते त्यांनाही लगेच कळले नाही. आता ही हात जोडेल, उपकार झाले म्हणेल, अशी त्यांच्या मनाला इतक्या वर्षांची सवय होती.

आयाबाईंनी डोळे उघडले. “मॅडम, मग एक विचारते,” त्या म्हणाल्या. “बाथरूमच्या भिंतीतून पाणी झिरपतं, सगळा रंग सुटलाय. तक्रार केली तर घरच काढून घेतील म्हणून इतके दिवस गप्प होते. आम्ही भाडं वेळेवर भरतो. दुरुस्ती कधी होणार?”

मॅडमच्या कपाळावर आठी उमटली. बघा, जुनी सवय! मग ती आठी विरली. नागरिकहो, आपल्या मदतीने उभ्या राहिलेल्या माणसाने जन्मभर वाकूनच राहावे अशी आपली इच्छा असेल, तर आपण त्याला काही दिलेले नाही, फक्त त्याची मान विकत घेतली आहे. घर हे छप्पर आहे, तशीच ती न घाबरता तक्रार करण्याची जागाही आहे. ज्याला ओरडता येत नाही त्याच्या हातात अजून हक्क पडलेलाच नाही.

“उद्या माणूस पाठवते,” मॅडम म्हणाल्या.

“उद्या म्हणजे उद्याच ना?” आयाबाईंनी विचारले. “नाहीतर मी ऑफिसात येईन.”

“या,” मॅडम म्हणाल्या. “आणि चांगलं मोठ्यानं बोला.”