सूचनापत्रातील चौथे कलम

कोन गावच्या शाळेत तीस वर्षे घालवलेल्या काशिराम मास्तरांचा छापील अक्षरावर देवापेक्षा अधिक विश्वास होता. कागद हाती असला की ते कोणाशीही वाद घालत, आणि बहुधा जिंकत.

त्यांची पत्नी वेणू ही आसपासच्या गावांतील आगरी लग्नांत धवले गाणारी धवलारीण. पन्नाशीत तिच्या पापण्या बुबुळांच्या मध्यापर्यंत उतरल्या होत्या. भुवया ताणताणून ती नवरा-नवरीकडे पाही, तरी मांडवातल्या बाया तिला चिडवतच, "धवलारनीला उठवा गो, हळद लागली!" तीही हसे. घरी आल्यावर मात्र कपाळ दोन्ही हातांनी दाबून बसे आणि पदराच्या गाठीतली डोकेदुखीची गोळी चहाबरोबर घेई. दिवसाला दोन, कधी तीन. वाण्याकडे साबणाच्या वड्यांशेजारी मिळणारी ती गोळी मास्तरच आणून देत. तिला औषध म्हणावे, असे त्या घरात कोणाला कधी वाटले नव्हते.

एक्क्याण्णव सालच्या वैशाखासाठी लेकीचे, रूपाचे लग्न ठरले आणि वेणूने हट्ट धरला.

"रूपाला हळद लावताना एका हातानं पापणी धरू का? लोक हसतील, मास्तर. मला पोर नीट बगायचीय."

पनवेलच्या एका लहानशा नेत्र रुग्णालयातील डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावले, "पापणी उचलणारा स्नायू सैल पडलाय. तो आखडून शिवायचा, वरची जादा कातडी काढायची. टाके आठव्या दिवशी निघतील. काही आठवडे झोपेत डोळा पुरता मिटणार नाही, म्हणून मलम. चुलीचा धूर नको, वाकून काम नको, चोळणे तर मुळीच नको. बरं, सध्या औषधे कोणती चालू आहेत?"

वेणूने तोंड उघडले होते. परंतु रुग्णाच्या माहितीचा अर्ज मास्तरांच्या हाती होता.

"काहीही नाही," ते म्हणाले, आणि तेच शब्द त्यांनी वळणदार अक्षरात लिहिले.

शस्त्रक्रिया सकाळी झाली. दुपारी शेजारच्या प्रदीपने आपल्या रिक्षातून दोघांना घरी सोडले. वेणू दोन उश्यांवर डोके ठेवून पडली. थर्मासमधला बर्फ फडक्यात गुंडाळून मास्तर शेकू लागले. रुग्णालयाने दिलेले नऊ कलमांचे सूचनापत्र त्यांनी उशापाशी भिंतीला टाचले होते.

पाचच्या सुमारास वेणू कण्हली. "डाव्या डोळ्यामागं कायतरी दाबतंय. उजव्याला असं नाय."

"तिसरे कलम. सूज आणि काळेनिळेपणा स्वाभाविक."

थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "मास्तर, डाव्यानं तुमी दिसत नाय."

"चौथे कलम. मलमामुळे दृष्टी अंधुक होते."

"अंदुक नाय वो. अंदार हाय."

प्रदीप दारात उभा होता. "मास्तर, रिक्षा लावलीय. वीस मिनटांचा रस्ता. नुसतं दाखवून येऊ."

"तू वाचलंयस का रे हे? हादरे बसता कामा नयेत. तुझी रिक्षा म्हणजे उखळ."

"उखळ तर उखळ, पन काकी घामानं भिजलीय बगा."

मास्तरांनी चौथे कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवले. वाद ते जिंकले. प्रदीप मान खाली घालून गेला. नववे कलम त्याच कागदावर होते: वेदना वाढल्यास, डोळा पुढे आल्यास किंवा दिसेनासे झाल्यास तत्क्षणी यावे, सकाळची वाट पाहू नये. ते त्यांनी दुपारीच दोनदा वाचले होते. पण ते कोणा दुसऱ्याच रुग्णाकरिता लिहिले आहे, अशी त्यांची समजूत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी विजेरीचा झोत डाव्या डोळ्यात टाकला. बाहुली हलली नाही.

"डोळ्यामागे रक्त साचून नस दबली. कधीपासून दुखतंय?"

"काल पाचपासून," मास्तर म्हणाले.

"तेव्हाच आला असतात, तर टाके सोडून रक्ताला वाट करून दिली असती. आता..." त्यांनी विजेरी विझवली. "पण इतके रक्त का यावे? रक्त पातळ होईल असे यांनी काहीच घेतले नव्हते ना?"

वेणूने चाचपडत पदराची गाठ सोडली आणि त्यांच्या तळहातावर दोन गोळ्या ठेवल्या. "हे औषद हाय का, बाई?"

मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्या गोळ्या त्यांनीच रविवारी आणल्या होत्या.

वैशाखात मांडव उभा राहिला. दोन्ही पापण्या आता सारख्या, सुबक उचललेल्या होत्या. बाया कौतुकाने म्हणाल्या, "धवलारीन तरनी झाली गो!" वेणूने रूपाला दोन्ही हातांनी हळद लावली, तिचा चेहरा पाहण्यासाठी मात्र तिला मान पुरती डावीकडे वळवावी लागली. मग ती धवला गाऊ लागली.

मास्तर मुद्दामच तिच्या डाव्या अंगाला उभे होते. तो डोळा टक्क उघडा होता आणि त्यात मांडवाचे दिवे चमकत होते. त्याच्यासमोर माणसाला हवे तितके रडता येत होते, आणि ते रडत होते.

वेणूने मान वळवली नाही. कडवे संपवून श्वास घेता घेता ती हलकेच म्हणाली, "मास्तर, नाक जरा हळू वडा. माजा सूर चुकतोय."