ओगोलाचं भाडं

“ए पोरांनो, आवाज कमी करा त्या मोबाईलचा! मटाटू आहे ही, मासळीबाजार नाही!” मी मिनीबसच्या दारात लोंबकळत ओरडलो. ऐकतंय कोण! शाळा नुकतीच सुटलेली, मागच्या बाकावर पोरं दाटीवाटीने बसलेली, आणि मोबाईलमध्ये कुणी दाढीवाला बाप्या कोकलत होता, “बाईच्या हातात स्टिअरिंग देतो तो पुरुषच नव्हे! बाई कमवायला लागली की घराचं वाटोळं!”

“आणि आपण बसलोय कुणाच्या गाडीत?” एकाने मुद्दाम मोठ्याने विचारलं. सगळी खिदळली.

किसुमू शहराच्या या रस्त्यावर मटाटू चालवणारी आमची ड्रायव्हर ही एकटीच बाई. नवरा गेला तेव्हा तिचा लेक ओगोला अंगावर पीत होता. त्याला गाडीतच झोपवून तिने धंदा केला. रडला की मी कंडक्टरकी सोडून त्याला खेळवायचो. आमच्यात बाईला थोरल्या लेकाच्या नावाने हाक मारतात. सगळा स्टँड तिला ओगोलाची आई म्हणतो. तिचं स्वतःचं नाव मलाही आठवावं लागतं.

तोच ओगोला आज नव्या शाळेतल्या त्या पोरांच्या मधोमध बसला होता. एरवी पुढे आईशेजारी बसून दिवसभराची बडबड करणारा पोरगा, आज चढताना त्याने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“तुझी आई काय करते रे, ओगोला?” एकाने विचारलं.

“घरी असते.” मग आणखी जोर लावून म्हणाला, “बाहेर पडायचं नाही म्हणून सांगितलंय तिला.”

“शाब्बास रे मर्दा!”

मेल्या! माझा हात नुसता शिवशिवला. पण त्याच्याकडे नीट बघितलं, तर कपाळावर घाम, नजर बुटांवर. मिसरूडसुद्धा न फुटलेलं पोर ते. रागही येईना धड.

मी पुढे तिच्याकडे वाकलो. “ऐकलंस ना?”

“कान आहेत मला,” ती आरशात न बघता म्हणाली.

“सांगू का त्यांना, तू कोण ते?”

“गप बस, ओंदिती. उद्या वर्गात त्याला त्यांच्यातच बसायचंय. तू भाडं घे.”

“त्याचंपण?”

“सगळ्यांचं घे.” तिने गिअर टाकला.

जन्मात त्याने या गाडीत भाडं दिलं नव्हतं. माझ्याकडे न बघता त्याने नोट पुढे केली. मी सुटे परत दिले. फार वाईट वाटलं मला.

पोरांचा थांबा आला. ‘ओगोलाची आई, थांबव!’ असं ओरडायची सवय माझी. शब्द तोंडातच गिळला आणि टपावर दोन थापा मारल्या.

पोरं उतरली आणि गाडीच्या पुढून रस्ता ओलांडायला निघाली. तिथे मागून ट्रक कसे सुसाट येतात ते आम्हा गाडीवाल्यांना ठाऊक. तिने गाडी तिरकी घालून सगळा रस्ता अडवला आणि खिडकीतून हात बाहेर काढून मागच्यांना थोपवलं. भोंगे वाजू लागले, शिव्या सुरू झाल्या.

“अरे, बघा बघा! बाईला गाडी काढता येईना!” पोरं रस्त्याच्या मध्येच थांबून हसायला लागली. ओगोलाही हसला.

शेवटचं पोर पलीकडे पोचेपर्यंत तिने हात खाली घेतला नाही.