खुंटीवरून दहा हजार फुटांवर

मित्रांनो, मला बघून कुणी वेळ विचारू नका, फसाल. दिसायला मी मनगटी घड्याळासारखा आहे, जरा थोराड, जरा फुगीर. पण माझा काटा एकच आणि आकडे शून्य ते अकरा. मी एक जुना उंचीमापक आहे. विमानातून उडी मारणाऱ्या माणसाच्या डाव्या मनगटावर बसायचं आणि जमीन किती खाली आहे तेवढं सांगायचं, हे माझं काम. एक आकडा म्हणजे हजार फूट. छत्री कधी उघडायची, ते माणूस मला बघून ठरवतो. त्यामुळे माझ्याकडून चूक झालेली चालत नाही. चूक सुधारायला तिथे वरती वेळच नसतो.

माझा जन्म लांबच्या एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. माझ्या पोटात पातळ पत्र्याची एक चपटी डबी आहे. उंच गेलं की हवा विरळ होते, डबी फुगते आणि काटा पुढे सरकतो. खाली आलं की डबी आवळते, काटा मागे येतो. एवढंच माझं यंत्र. बाहेरची हवा आत यावी म्हणून माझ्या पाठीला तीन भोकं आहेत, सुईच्या टोकाएवढी. मी त्यांतून श्वास घेतो म्हणा ना.

वैजयंतीच्या हाती आलो तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. बुऱ्हाणपूरच्या एका मास्तरांची मुलगी. कॉलेजात असताना एनसीसीतून आग्र्याला जाऊन पहिली उडी मारून आली आणि मग तिचं मन काही जमिनीवर लागेना. पुण्यात नोकरी केली, रजा साठवल्या, परदेशात जाऊन लायसन्स काढलं आणि तिथल्याच एका दुकानातून मला उचललं.

आमची पहिली उडी मी कधी विसरणार नाही. विमानाचं दार उघडलं आणि ढग आमच्या खाली होते. खाली, मित्रांनो. तुम्ही आयुष्यभर ढगांची पोटं बघता, मी त्यांच्या पाठी पाहिल्यात. ढगाची पाठ त्याच्या पोटापेक्षा कितीतरी पांढरी असते. मग ती झेपावली. ताशी दोनशे किलोमीटरचा वारा अंगावर आला, आणि गंमत म्हणजे पडल्यासारखं वाटेचना. कुणीतरी मोठ्या तळहातावर उचलून धरलंय असंच वाटलं. माझा काटा उलटा धावत होता, दहा, नऊ, आठ, आणि क्षितिज चहूकडून गोल दिसत होतं. मी यंत्र आहे, मला अंगावर काटा येत नाही. आला असता तर तेव्हा आला असता.

अशा चौऱ्याण्णव उड्या आम्ही मारल्या. मग वैजयंतीचं लग्न झालं आणि आम्ही जसोंडीला आलो, ललितच्या घरी, केळीच्या बागेत. उडी मारू नको असं तिला कुणीच म्हटलं नाही. पण आधी निशा झाली, मग सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन, मग वैजयंतीची बुऱ्हाणपूरच्या शाळेतली नोकरी, दहावीचे पेपर, केळीची कापणी. दर हिवाळ्यात ती म्हणायची, "पुढच्या वर्षी पक्कं." असे नऊ हिवाळे गेले.

मी मात्र बेकार बसलो नव्हतो. ओसरीतल्या खुंटीवर होतो, आणि माझ्यावर नजर होती वैजयंतीच्या सासऱ्यांची. त्यांचं नाव चुडामण. उंच, वाळके, डोळे ससाण्याचे. माझा काटा घरबसल्या हलतो हे त्यांनीच आधी टिपलं. हवेचा दाब कमी झाला की मला वाटतं आपण उंच चाललोय, म्हणून मी जरासा वर सरकतो. रोज दुपारी मी सरकायचोच, एका बारीक रेघेएवढा. पण एके दिवशी मी दोन रेघा चढलो आणि दुसऱ्या दिवशी असा वादळवारा आला की शेजारची बाग आडवी झाली.

"हा काटा उगाच नाई हालत," चुडामणबाबा मथुराबाईंना, म्हणजे बायकोला, म्हणाले. "याले आधी समजते."

"तुमाले नाई समजलं आजवर, त्याले समजते?" मथुराबाई म्हणाल्या.

तेव्हापासून मी दोन रेघा चढलो की बाबा घड लागलेल्या केळींना टेकू द्यायचे, पट्ट्यांनी बांधून घ्यायचे. कधी माझं खरं ठरायचं, कधी नाही. पण गावातली माणसं मुद्दाम मला बघायला यायची. आकाशातलं यंत्र म्हणायचे मला. मी फुगून जायचो, डबीसकट.

आणि दर दसऱ्याला माझी पूजा व्हायची. पाटावर विळे, कोयते, फवारणीचा पंप आणि मधोमध मी. मथुराबाई गंधात कुंकू कालवून सगळ्यांना बोट लावायच्या. काचेवर लावलं तर आकडे दिसत नाहीत, म्हणून मला पाठीवर लावायच्या. किती प्रेमानं. पहिल्या वर्षी मला हसू आलं. चौथ्या वर्षी जरा जड वाटलं. सातव्या वर्षी माझं हलणंच थांबलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात वादळ आलं आणि मी सांगितलंच नाही. सकाळी बागेत तीनशे झाडं घडांसकट लोळत होती. बाबा ओसरीत आले, माझा थांबलेला काटा बघितला. रागावले असते तर बरं झालं असतं. "म्हातारं झालं बिचारं," एवढंच म्हणाले आणि पुन्हा कधी माझ्याकडे बघितलं नाही. दोन वर्षं माझ्यावर धूळ बसली. गंमत बघा, दसऱ्याची पूजा तेवढी चालू राहिली.

मग या डिसेंबरात निरंजन सरांचा फोन आला. वैजयंतीबरोबर पूर्वी उड्या मारायचे ते, आता उज्जैनजवळच्या धावपट्टीवर शिकवतात. जेवताना वैजयंतीनं सगळ्यांना सांगितलं, "सर म्हणतात, दोन दिवस पुन्हा ट्रेनिंग घ्या, मग मी सोबत उडी मारतो. जुने लोक परत यायला पाहिजेत म्हणे."

मथुराबाईंनी भाकरी वाढता वाढता विचारलं, "लोकं विमानात बसतात ते कुठं तरी पोचायले. तू मधेच उतरते. मंग बसायचं कायले?"

ललित हसला. वैजयंती हसली नाही. ती उठली, मला खुंटीवरून काढलं, पदरानं पुसलं आणि म्हणाली, "याला असीरगडावर नेते. याचा काटा हलला तर मी उज्जैनला जाते. नाही हलला तर हा विषय कायमचा बंद."

माझ्यावर एवढं ओझं याआधी कधीच पडलं नव्हतं. चौऱ्याण्णव उड्यांतसुद्धा नाही.

रविवारी सगळे गाडीत बसून असीरगडाला गेले. निघताना तिनं मला शून्यावर आणलं. घाट चढला, गडाच्या पायऱ्या चढल्या, माथ्यावरून खाली सगळा मुलूख पसरला होता आणि लांबवर तापी चमकत होती. मी जीव तोडून फुगायला बघत होतो. पण आत हवा जुनीच होती, कोंडलेली, जसोंडीची. काटा शून्यावरच.

वैजयंतीनं मला दोनदा टिचकी मारली. मग शांतपणे म्हणाली, "ठीक आहे. चला, भेळ खाऊ."

"नवा घेऊन टाक ना," ललित म्हणाला. "इतनीसी बात आहे."

"नव्याचा प्रश्न नाही रे. मीच घाबरले होते. मला कुणीतरी नको म्हणायला हवं होतं, यानं म्हटलं."

 गाडीत परत येताना बाबा पुढच्या सीटवर मला हातात धरून बसले होते. त्यांनी मला उलटं केलं आणि पाठीवरून अंगठा फिरवला. लाल खपली निघाली. तिच्याखाली त्यांना एक भोक दिसलं, गच्च भरलेलं. शेजारी दुसरं, तिसरं.

"ठिबकच्या नळीतून पाणी नाई आलं तं आपन नळी फेकतो का?" ते अचानक म्हणाले. "आधी भोक पाहातो. मी दोन वरसं याले म्हातारं म्हनत बसलो. भोक पाह्यलंच नाई."

मागे मथुराबाईंनी तोंडावर पदर घेतला. "म्या लावलं ते कुंकू. दर साली. मले काय मालूम, त्याले नाक पाठीवर हाय म्हनून."

वैजयंतीनं त्यांचा हात धरला. "आई, तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मी तरी कुठे सांगितलं?"

घरी आल्याबरोबर बाबांनी केळीच्या वाळक्या सोपातून, म्हणजे खोडाच्या सालीतून, एक धागा सोलला, केसाहून जरासा जाड. चष्मा लावून अंगणात बसले. वैजयंतीनं मला तळहातावर पालथं धरलं होतं. फुंकर मारायची नाही, पाणी लावायचं नाही, सुई तर मुळीच नाही, असं तिनं बजावलं होतं. धागा भोकात जायचा, हळूच फिरायचा, कणभर लाल भुकटी बाहेर यायची. एक भोक झालं. दुसरं झालं. तिसऱ्यातून कुंकवाचा बारीक खडा निघाला, आणि मित्रांनो, मी श्वास घेतला. नऊ दसऱ्यांच्या कुंकवातून मोकळा श्वास. काटा थरथरून एक रेघ सरकला.

दुसऱ्या रविवारी पुन्हा असीरगड. या वेळी घाटातच मी पाचशेवर गेलो. माथ्यावर हजाराच्या पुढे, दीड हजाराच्या जरा अलीकडे. वैजयंती माझ्याकडे बघत राहिली. आता तिच्याकडे न जायला कारण उरलं नव्हतं, तरी तिनं मला पुन्हा एकदा टिचकी मारून बघितलं.

"जाय," मथुराबाई म्हणाल्या. "निशाले मी पाह्यते. अन् फोन लाव उतरल्यावर, आधी मले."

उज्जैनला निरंजन सरांनी मला नुसतं बघून पास केलं नाही. काचेच्या बरणीत घातलं, बरणीतली हवा ओढली आणि त्यांच्या नव्या कोऱ्या उंचीमापकाशी ताडून पाहिलं. आम्ही दोघं बरोबरीनं चढलो आणि बरोबरीनं उतरलो. "मॅडम, पीस सॉलिड आहे," ते म्हणाले. "तरी माझा माझ्या हातावर असेल, आणि मी तुमच्या समोर. टेन्शन नका घेऊ." दोन दिवस ती जमिनीवर पालथी पडून अंगाची कमान करायला, हात हलवून खूण करायला, बरोबर पाच हजार फुटांवर छत्रीची दोरी ओढायला पुन्हा शिकली. जुनी, पाठ असलेली गोष्ट पुन्हा पहिल्यापासून शिकायला फार हिंमत लागते, ते मी जवळून पाहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझी कळ फिरवून मला उज्जैनच्या जमिनीवर शून्य केलं. शून्य प्रत्येक गावाचं वेगळं असतं. विमान वर चढलं. चार हजार. सहा हजार. तिची नाडी माझ्या पट्ट्याखाली धडधडत होती. आठ. खाली गव्हाची हिरवी शेतं चौकोनी, क्षिप्रा नदी वळणं घेत चाललेली. दहा. दार उघडलं. तिनं एकदा डोळे मिटले, उघडले, आणि उडी मारली.

आणि तोच तळहात. नऊ वर्षांनी तोच. आकाश इतकं मोठं असतं हे मी पार विसरलो होतो. धुक्याचा एक पट्टा लांब क्षितिजावर सोन्यासारखा पेटला होता. वैजयंती बघत राहिली. नऊ हजार. आठ. तिच्या ओठांवर हसू होतं. सात. ती अजून क्षितिजाकडेच बघत होती. माझ्याकडे बघतच नव्हती.

मित्रांनो, मला आवाज नाही. मला फक्त दाखवता येतं, आणि ज्याला कुणी बघतच नाही त्यानं काय दाखवावं? साडेसहा. सहा. मी ओरडू शकत नव्हतो, चिमटा काढू शकत नव्हतो. मी फक्त खरं तेच दाखवत राहिलो, एका रेघेचीही चूक न करता.

तेवढ्यात समोर निरंजन सर आले. त्यांनी बोटानं स्वतःच्या मनगटावर टकटक केलं. वैजयंतीनं मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. साडेपाच. तिच्या डोळ्यांत एकदम जुनी वैजयंती आली. पाच हजारावर तिनं हात हलवून खूण केली, मागे नेला आणि छत्रीची दोरी ओढली.

वर छत्री उघडली आणि सगळा वारा एका क्षणात थांबला. आम्ही शांत, लोंबकळत, पक्ष्यांच्या वर. तिनं मला डोळ्यांसमोर धरलं आणि काचेवर ओठ टेकले. "तू गप्प नव्हतास," ती म्हणाली. "मीच बघत नव्हते."

हे सगळं मी तुम्हाला त्याच मैदानावरून सांगतोय. आम्ही उतरलो, ती गवतात बसली आणि तिनं आधी मथुराबाईंना फोन लावला. बोलता बोलता हसली, मग रडली, मग निशाशी बोलली, मग बाबांशी.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी वस्तू गप्प झाली असेल, काटा थांबला असेल, सूर लागत नसेल, तर तिला म्हातारी ठरवून खुंटीवर टांगू नका. उलटी करून बघा. कदाचित तुमच्याच मायेनं तिचा श्वास कोंडला असेल. जपायचं म्हणजे ती वस्तू चालते कशी ते विचारून जपा. आणि घरातल्या माणसालाही कधीतरी असंच विचारा, काय अडकलंय म्हणून.

आणखी पुष्कळ सांगायचं होतं. पण निरंजन सरांनी पुढच्या फेरीची यादी काढलीय आणि वैजयंती गवत झटकून उठलीय. तिनं आपलं नाव सांगितलं. पट्टा एक भोक घट्ट केला. विमानाचा पंखा फिरायला लागलाय, मला आता जायला हवं.