डबा रिकामा द्यायचा नसतो

पहिल्या दिवशी वर्गातल्या सोळा जणांनी सरावासाठी आपापल्या घराचा जिना ढगावर चढवला, आणि संध्याकाळी घरी जाऊन बघतात तर सोळाही घरांचे जिने गेलेले. नलिनीबाई आवटी वरच्या मजल्यावर राहायच्या. त्यांनी खालून हाक मारली तेव्हा त्यांचे यजमान भाऊसाहेब खिडकीत आले.

"नलू, जिना कुठं ठेवलास?"

"वर ठेवलाय. शिडी सोडा."

नलिनीबाई काही गाफील नव्हत्या. भाजीवाल्याच्या काट्याखाली वाकून बघणारी बाई म्हणून मिरजेच्या मंडईत त्यांची ख्याती होती. लोणच्याच्या बरणीवर त्या खडूनं रेघ मारून ठेवायच्या, आणि बरणी भाऊसाहेबांशिवाय कुणी उघडत नाही हे ठाऊक असूनही मारायच्या. शाळेच्या कचेरीत त्यांची तीस वर्षं गेली होती. आता शाळेचे सगळे दाखले संगणकाच्या ढगावर, म्हणजे क्लाउडवर, जाणार, म्हणून मुख्याध्यापकांनी त्यांना पाच दिवसांच्या वर्गाला धाडलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिकवणाऱ्या कुलथे सरांना गाठलं.

"माझा जिना नेमका कुठं आहे?"

"मॅडम, तो कुठं आहे हे तुम्हाला कळायची गरज नाही. हेच पहिलं मूलतत्त्व."

"तुम्हाला तरी कळतं का?"

"नाही. पण तीन ठिकाणी तीन प्रती असतात. एक गेली तरी दोन राहतात."

एकाचे तीन करून देणारा माणूस नलिनीबाई जन्मात पहिल्यांदा बघत होत्या. यात काहीतरी काळंबेरं असणार, हे त्यांनी तिथंच ओळखलं.

लागेल तेव्हा, लागेल तेवढंच मागायचं, हे दुसरं मूलतत्त्व. त्यांनी जिना मागितला. सरांनी टेबलाखालून स्टीलचा डबा काढून दिला. घरी उघडला तर आत बारा पायऱ्या निघाल्या. जिना एकवीस पायऱ्यांचा होता. भाऊसाहेबांनी बारा लावल्या आणि खाली टेकायला दोन स्टुलं ठेवली.

डबा सकाळी परत द्यायचा होता, आणि इथंच घात झाला. भाजीवाल्यावर, दूधवाल्यावर, प्रत्यक्ष नवऱ्यावर संशय घेणाऱ्या या बाईंनी एका गोष्टीवर आयुष्यात कधी संशय घेतला नव्हता. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. शेजारणीची आमटीची वाटीसुद्धा त्यांच्या घरातून जाताना साखर घेऊन जायची. नलिनीबाईंनी डबा घासला, पुसला आणि चिमूटभर साखर घालून सरांना दिला.

संध्याकाळी घरातली सगळी साखर गेलेली होती. दुकानातून किलोभर आणली, तर पिशवी दारात येईपर्यंत तीही रिकामी झाली. भाऊसाहेबांनी बिनसाखरेचा चहा निमूटपणे घेतला.

त्या दिवशी सरांनी डबा न मागताच दिला होता. आत आणखी पाच पायऱ्या होत्या. नलिनीबाई सावध झाल्या. परत करताना त्यांनी मुद्दाम एक तुटकं बटण घातलं. त्या संध्याकाळी भाऊसाहेबांचा एकही सदरा लागेना.

"मी उद्या असा बँकेत जाऊ?"

"असेच घरी बसा."

चौथ्या दिवशीच्या डब्यातून चार पायऱ्या आल्या आणि जिना पुरा झाला. नलिनीबाई डबा पुसत ओट्याशी उभ्या राहिल्या. घरातल्या एकेका वस्तूवर नजर जाई आणि तिथून घाबरून मागं येई.

"रिकामा दे की," भाऊसाहेब म्हणाले.

"असा कसा देता येईल? लोक काय म्हणतील?"

"कोण लोक?"

नलिनीबाईंनी पुसलेला डबा पुन्हा पुसायला घेतला.

"मग शब्द घाल. शब्दाला काय पैसे पडतात?" असं म्हणून भाऊसाहेबांनी डब्यात तोंड घातलं, "नलू!" अशी खणखणीत हाक मारली आणि झाकण लावलं. दोघंही हसली. चार दिवसांत पहिल्यांदाच हसली.

पाचव्या दिवशी सरांनी हजेरी घेतली. पंधरा नावं झाल्यावर वही मिटली.

"सर, माझं राहिलं."

"काय नाव, मॅडम?"

बाईंनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावरची नावाची ओळ कोरी होती.

"मागणीचा अर्ज करा," सर म्हणाले. "वर नाव लिहा, खाली काय हवं ते लिहा."

"नावच हवंय."

"नावाशिवाय आम्ही कुणालाही काही देत नाही. हे शेवटचं मूलतत्त्व. संशयी माणसांना हे फार आवडतं." आणि त्यांनी डबा दिला.

बाई घरी आल्या तेव्हा भाऊसाहेब सदरा हातानं आवळून दारात उभे होते. त्यांचे ओठ हलले, हाक आली नाही. "अगं..." म्हणाले आणि तिथंच थांबले. बाईंना रडू कोसळलं. छत्तीस वर्षं दिवसातून वीसदा ती हाक यायची, आणि दर वेळी त्या "काय कटकट आहे!" म्हणायच्या.

डबा उघडला तर आत आणखी तीन पायऱ्या होत्या. जिना तर पुरा झाला होता. भाऊसाहेबांनी त्या दाराच्या वर लावल्या, जिथं गच्चीही नव्हती. पायऱ्या तिथं बसल्या. बाईंनी रिकामा डबा घासला, पुसला आणि हातात धरून वर पाहिलं.

वरून भाऊसाहेबांच्या आवाजात हाक आली. मग थोडी डावीकडून तीच आली, मग खूप लांबून तीच. भाऊसाहेब तोंड मिटून शेजारी उभे होते.

"आले!" बाई पटकन म्हणाल्या. वर बघताना उघडा डबा तोंडाशी आला होता.

भाऊसाहेबांनी कालच्यासारखंच झाकण लावलं.