पिंडापाशी दिलेला शब्द

"आमच्या हर्षूला अजून रिक्षा कशी थांबवतात तेसुद्धा माहीत नाही!" वाल्मीकराव पाहुण्यांपुढे अभिमानाने सांगत. मंडळी, आपणही लेकींबद्दल असंच काहीतरी कौतुकाने सांगतो ना?

नाशिकच्या गंगापूर रोडचा बंगला, क्लबातल्या पार्ट्या, साड्यांची प्रदर्शनं, एवढंच बावीस वर्षांच्या हर्षालीचं जग. त्यात मुंबईचा रोहित आला. स्वतःच्या पांढऱ्याशुभ्र यॉटचा मालक! पोरगी भाळली, आईबापही भाळले. लागवडीला द्राक्षाची काडी घेताना चार बागा हिंडणाऱ्या वाल्मीकरावांनी जावयाची चौकशी मात्र केली नाही.

स्वयंपाकीण मालनबाईचा नवरा गोटीराम पट्टीचा पोहणारा, गळ्यात तुळशीची माळ. हर्षालीच्याच शब्दावर तो यॉटवर कामाला लागला.

१९९९ चा चैत्र. साखरपुडा अक्षय्य तृतीयेला ठरलेला. यॉटवरून फिरताना भर समुद्रात हर्षालीची ओढणी उडाली. सोबत आलेली आई खाली केबिनमध्ये मळमळत पडली होती.

"गोटीराम, तुझ्या ताईंची ओढणी आण!" हातातला ग्लास हलवत रोहित हसला.

"साहेब, लाटा लय हायेत."

"नाशिकचा पाणबुड्या ना तू? मार उडी!"

त्याने मारली. रोहितने गंमत म्हणून यॉट पुढे दामटली. परत वळला तेव्हा ओढणी तरंगत होती. गोटीराम नव्हता.

"पिऊन पडला," रोहितने पोलिसांत सांगितलं. वाल्मीकराव लेकीला म्हणाले, "तू काही पाहिलं नाहीस." हर्षालीने मान डोलावली. तिला तेवढंच तर शिकवलं होतं!

दहाव्याला रामकुंडाच्या घाटावर पिंड ठेवला. वाल्मीकराव आणि हर्षालीही आले होते. कावळा भिंतीवर बसून नुसता बघत राहिला.

"पोरांना शिकवीन! म्हातारीला सांभाळीन!" मालनबाई हात जोडत होती. कावळा हलेना.

"दारू पिऊन गेला ना, म्हणून," कुणीतरी पुटपुटलं.

"अवो, माळकरी व्हता माझा मालक! थेंबाला शिवला नाय कधी!"

तो टाहो हर्षालीला ऐकवेना. शेजारी कीर्तनकार अक्काबाई उभ्या होत्या. हर्षालीने त्यांच्या कानाशी सगळं सांगितलं.

"मग गप्प का, पोरी? त्याची माळ मेल्यावर तू तोडतेयस!"

"लग्न मोडेल, अक्का."

"मोडेल. आणि नाही मोडलं तर? उद्या तू पाण्यात पडलीस, तर वळेल का गं त्याची नाव?"

हर्षाली पिंडापुढे आली. "काका, तुम्ही प्यायला नव्हतात! रोहितने उडी मारायला लावली! मी पोलिसांत सांगेन!"

कावळा तरीही आला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

मालनबाईने तिच्याकडे पाहिलं. "कुठं व्हत्या ताई, धा दिवस?"

हर्षाली रस्त्यावर आली.

"गाडीत बस. घरी चल," वाल्मीकराव दरडावले.

तिने आयुष्यात पहिल्यांदा हात वर केला. रिक्षा थांबली. "पोलीस स्टेशन," ती म्हणाली.

वाल्मीकरावांनी गाडीचं उघडलेलं दार लावून टाकलं. मग ते रिक्षात तिच्या शेजारी येऊन बसले. "गप्प राहायला मीच शिकवलं," ते म्हणाले. "मीही येतो."

सोयरीक मोडली. खटला वर्षानुवर्षं रेंगाळला. गोटीराम काही परत आला नाही.

मायबापहो, लेकीला जपा, पण तिची जीभ बांधून नव्हे! आणि पिंडापाशी दिलेला शब्द कावळा शिवेपर्यंतचा नसतो. तो पाळेपर्यंत आपल्या गळ्यात असतो, त्या तुळशीच्या माळेसारखा.