साडूची गाडी

मिस्त्रीच्या साडूची जुनी आलिशान गाडी म्हणजे बडा घर पोकळ वासा. आत चामड्याच्या सीटा, आणि सिग्नलला थांबली की आरसे हीव भरल्यासारखे थरथरायचे. इंजिन पेलणारं एक रबरी माउंट फाटलं होतं. साडूने मोबाइलवर व्हिडिओ बघून त्यात खिडकीचं सीलंट भरलं होतं.

मिस्त्रीने ते नखाने उकरलं. "अक्कल गहाण टाकली होती का, साडूभाऊ?"

"एकच तर फाटलंय. बाकीची दोन चांगली दिसताहेत."

"दिसताहेत म्हणे! एक गेलं की त्याचा भार उरलेल्यांवर येतो. तिन्ही बदलायची."

पालथ्या घड्यावर पाणी, असं पुटपुटत त्याने इंजिनाखाली फळी ठेवून जॅक लावला, इंजिन बोटभर उचललं आणि तिन्ही माउंट बदलली. बोल्टागणिक साडूला ऐकवणं चालूच होतं. "हे हातात असावं लागतं. मोबाइल बघून येत नाही."

मग त्याने ऐटीत गाडी चालू केली. आरसे आधीपेक्षा जास्त थरथरले. मिस्त्री गाडीच्या नावाने शिव्या घालू लागला, तेवढ्यात साडू उकिडवा बसून खाली डोकावला.

"इंजिन अजून जॅकवरच आहे की हो. ते माउंटवर बसवून मग बोल्ट आवळायचे ना? व्हिडिओत तसंच होतं."

मिस्त्री इंजिन बंद करून पुन्हा गाडीखाली शिरला आणि बोल्ट ढिले करू लागला. साडूने मोबाइल काढून त्याच्यावर रोखला.

"सावकाश करा," तो म्हणाला. "नीट दिसलं पाहिजे."